अकरा किलोमीटर

कळंबोलीच्या यार्डात आठवा दिवस.
चाळीस फुटी ट्रेलर मागे घ्यायचा:
स्टेअरिंग डावीकडे, तर शेपूट उजवीकडे.
हाताला हे अजून पटत नाही.

इनामदार उस्तादांनी पायातल्या चपला काढून
मागच्या चाकापासून वावभर अंतरावर ठेवल्या
आणि तापल्या डांबरावरून
अनवाणीच चहाला गेले.

डाव्या आरशात चपला नाहीत.
उजव्यात माझाच कान.
उतरलो, बघितलं, चढलो.
परत उतरलो.

तरी एकीवर टायरची नक्षी उमटलीच.
उस्तादांनी ती झटकली, पायात सरकवली.
"आज ह्यात पाय नव्हता," एवढंच.

रात्री शेवंताचा फोन:
कुठवर पोचलात?
मीटर बघून म्हणालो, अकरा किलोमीटर.
ती हसली.
सगळे कुंपणाच्या आतलेच,
हे काही बोललो नाही.