शेवटची फेरी

ऑक्टोबर लागला की बोटीवरचा कर्णा माझ्या ताब्यात येतो.
कप्तानाला गाण्यातलं कळत नाही,
त्याला फक्त वारा कळतो.
बेटापासून गावापर्यंत वीस मिनिटं,
खाली लेक सुपिरियर, शिशाच्या रंगाचं,
आणि नियम एकच:
शेवटच्या फेरीला रोज एकाने घाबरवायचं,
बाकीच्यांनी घाबरायचं.
हॅलोविनपर्यंत.
पुढे पाणी धरतं, बोट बंद होते,
मग कुणाला कुणाची भीती वाटते ते ज्याच्या त्याच्या घरात.

सुरुवात डेलोरिसची, चर्चमधल्या ऑर्गनवाल्या बाईची.
पायपट्टीचे सूर इतके खालचे
की गाड्यांच्या काचा थरथरल्या,
एक कुत्रं सीटखाली गेलं ते गाव येईपर्यंत निघालंच नाही.
ती म्हणाली, रविवारी हेच वाजवते मी,
जरा भरभर, एवढंच.

मग बेकरीतला सोरेन, काळ्या शर्टावर पिठाची बोटं,
त्याचं मेटल.
गाणाऱ्याचं बोट दारात चिरडलंय असं वाटत होतं
(हाताचं बोट; ही बोट नव्हे).
आम्ही कान झाकले. तो डोळे मिटून,
देवघरात बसावं तसा.

पोस्टातल्या वर्नाने बॅन्जो आणला.
त्यातली मुलगी तिसऱ्या कडव्यात नदीत बुडते,
पाचव्यात दाराशी उभी राहते,
केस पिळत.
वर्नाला सगळ्यांची थकलेली बिलं ठाऊक आहेत,
म्हणून जास्तच भीती वाटली.

शिकागोहून घरं रंगवायला आलेल्या मार्कसचं डब:
प्रत्येक ठोक्यामागे त्याच ठोक्याचं भूत,
त्याच्यामागे आणखी एक, पाण्यावर लांबत जाणारं.
निवृत्त दंतवैद्य तर थेरेमिनच घेऊन चढले.
हवेत नुसते हात फिरवायचे, आणि ते रडायचं.
सगळ्यांनी नकळत जबडे घट्ट मिटले.

कुणीतरी पोल्का लावला.
हसलो आम्ही. तोच बिचारा घाबरला असेल.

आणि एकोणतीस तारखेला ओटिस.
वय सात. हातात कॅसेट,
तिच्यात त्यानेच म्हटलेलं शाळेतलं भोपळ्याचं गाणं.
आता यात भीतीदायक काय, असं हॅना, त्याची आई,
मला डोळ्यांनीच म्हणाली: लावा, सांभाळून घ्या.

माझं यंत्र जुनं. आतला रबरी पट्टा ढिला पडलेला,
त्यात त्या दिवशी थंडी मरणाची.
पहिली ओळ ठीक गेली.
दुसरीपासून आवाज उतरायला लागला,
जिना उतरावा तसा, एकेक पायरी,
बारा वर्षांचा, तिशीचा, मग साठीचा,
जड, खरखरीत, शब्दाशब्दाला दम खाणारा,
आणि भोपळ्याला डोळे कोरेपर्यंत
तो आर्ने लिंडक्विस्टचा आवाज झाला होता.

आर्ने. ओटिसचा आजोबा.
माझ्याआधी या बोटीवर तोच होता.
तेवीस वर्षं याच कर्ण्यातून सांगायचा:
गाडी बंद करा, हँडब्रेक ओढा.
तीन वर्षांमागे मार्चमध्ये
पातळ बर्फावरून घरी निघाला होता.

कुणी काही बोललं नाही.
फक्त अंधारात, गाड्यांच्या रांगेत,
कर्र.
कर्र.
तिघाचौघांनी हँडब्रेक ओढले.

ओटिस तेवढा टाळ्या पिटत होता:
मी म्हातारा झालो! मी म्हातारा झालो!

धक्क्यावर उतरताना हॅनाने काच खाली केली.
डोळे पुसले नव्हते, लपवलेही नव्हते.
म्हणाली, त्याला आणखी गाणी येतात.

नवा पट्टा ऑगस्टपासून माझ्या खणात पडून आहे.
बसवायला दहा मिनिटं लागतात.
उद्या बसवीन म्हणतो,
असं रोज म्हणतो.