चारशेच्या पुढे

दुकानातल्या पोराने काचेच्या कपाटातून लेन्स काढली
ती अशी, जसं तान्ह्याला न्हाणीतून उचलावं.
तीन हजार चारशे लारी.
दीडशे ते सहाशे, नवीकोरी, थर्माकोलात रुतलेली,
आणि दोन वर्षांची हमी, जाड कागदावर, चार भाषांत.
मी विचारलं, हमी कशाची?
तो बोट ठेवून वाचू लागला:
पडल्यास नाही. ओल लागल्यास नाही.
धूळ गेल्यास नाही. बुरशी धरल्यास नाही.
मग रे?
मूळ घडणीतच खोट असेल, तर.

बातुमीत जन्मलेला पोरगा हे सांगत होता,
जिथे खुंटीवरच्या कोटालासुद्धा
मार्चपर्यंत हिरवी लव फुटते.

दुसरी लेन्स माझ्याच घरात होती.
वरच्या खोलीत, घट्ट झाकणाच्या डब्यात,
तांदळाच्या पुरचुंडीशेजारी.
येस्पर अकरा शरद आला डेन्मार्कहून
आमच्या टेकडीवर पक्षी मोजायला.
यंदा अर्ध्या चढावर गुडघा म्हणाला, बास.
पंधराशे दे लामारा, म्हणाला. जमतील तसे.

आणि मग स्वतःच विजेरी लावून
तिची सगळी दुखणी दाखवत बसला.
हा आत अडकलेला कण, फोटोत दिसत नाही.
हा ओरखडा, दोन हजार चौदाचा, कुंपणाची तार.
रबर पांढरं पडलंय, ते माझ्या घामाने.
खाली तोंड केलंस तर नळी आपोआप लांब होते,
झोपलेल्या माणसाचा हात पलंगावरून सरकतो तशी.
कड्यावर एक पांढरी चिकटपट्टी होती.
हे चारशे, तो म्हणाला.
याच्या पुढे ती जरा खोटं बोलते.

रात्रभर मी छताकडे बघत हिशोब केला.
एकोणीसशे लारींचा फरक.
पश्चिमेकडचे पत्रे.
किंवा हेझलनटची अर्धी बाग पुन्हा लावणं.
किंवा आयुष्यात एकदा, एकदाच,
जिच्यावर कुणाचा घाम नाही अशी वस्तू.
लग्नातला पोशाखही थोरल्या जावेचा होता माझा.
हे कुणाला सांगायचं?

गुराम म्हणाला, जुनं घेशील
तर दुसऱ्याचं आजारपण उशाशी घेशील.
माझा भाऊ. लहानपणी खाटीक पक्ष्याला दोरी बांधून
ससाणे धरायचा, लाव्यांच्या शिकारीसाठी.
आता फक्त सल्ले धरतो.

सकाळी दोन्ही बघून ठरवू म्हणून
दुकानातल्या पोराला दारात उभं राहू दे म्हटलं,
नव्या लेन्समधून समोरच्या खांबावरचा आकडा वाचला.
लखख. गंजसुद्धा मोजता आला असता.
घरी येऊन जुनीतून
आमच्या वळणावरचा खांब वाचला.
तीन होता की आठ, कळेना.
पट्टीच्या अलीकडे आणल्यावर कळलं, तीन.

मला वाटलं होतं, याने ठरेल.
ठरलं नाही. ठरलं ते संध्याकाळी,
येस्पर जिने उतरताना, एकेक पायरी, कठडा धरून,
आणि तेव्हासुद्धा मी दयेने घेतली असं नाही.
मला त्याचा तो शब्द आवडला होता: जरा.
एवढं खरं सांगून मला आजवर कुणी काही विकलं नव्हतं.

सप्टेंबरच्या सव्वीस तारखेला टेकडीवर ढग खाली होते.
मधुबाज संपत आलेले. एक ससाणा
दरीच्या काठाने एकटाच आला, लांबून.
मी पट्टी ओलांडली. सहाशे.
आलं ते असं: राखाडी डाग, दोन टोकं,
पंखांच्या जागी पंखांची अफवा.

रात्री चुलीपाशी गुरामला दाखवला,
चिडवेल म्हणून आधीच तोंड वाकडं करून.
त्याने चष्मा काढला. कॅमेरा हातभर लांब धरला.
मादी आहे, म्हणाला.
यंदाचीच, पहिला प्रवास.
आणि बघ, डावीकडे झुकलीये,
खाली लावा दिसलाय तिला.

मी पुन्हा बघितलं.
डागच होता.
पत्र्यावर पाऊस लागला, पश्चिमेकडून गळू लागला,
मी उठून डबा कोरड्या बाजूला सरकवला.
येस्परचे अजून सहाशे द्यायचे आहेत.