भोकं बुजवू का?

भुसावळ सोडलं की बोदवड रस्त्याला, डाव्या हाताला
पाण्याने भरलेला एक खड्डा आहे.
नकाशात त्याला नाव नाही.
आम्ही खदान म्हणतो.
अर्ध्या यार्डाची गिट्टी इथून गेली,
आधी डोक्यावरच्या टोपल्यांत, मग ट्रॅक्टरात,
मग क्रशरवालेच गेले
आणि खालून पाणी वर आलं.

मी चार दिवस कडेकडेने फिरले, मोबाइल समोर धरून.
दोन हजार एकशे फोटो.
मे महिना, शेहेचाळीस डिग्री.
तिसऱ्या दिवशी फोनच म्हणाला, मला सावलीत न्या.
बापाने त्याच्यावर ओलं फडकं टाकलं,
सुतकीच्या दांड्यावर टाकायचा तसं,
दांडा वाळून सैल होऊ नये म्हणून.

रात्री लॅपटॉपमध्ये खदान उभी राहिली,
ठिपक्याठिपक्यांची, बोटाने फिरवता येणारी.
बाप मागे उभा.
त्याला ऐकू येत नाही, सुरुंगांनी कान नेले
माझ्या जन्माआधीच.
त्याने काचेवर नख टेकवलं:
ही पायरी तिम्मव्वाची.
ही यंकप्पाची. डावखुरा होता,
त्याचा दगड नेहमी उलटा तिरपा सुटायचा.
मी नावं लिहीत गेले,
तो खाली खाली उतरत गेला,
पाण्याखालच्या पायऱ्यांपर्यंत,
ज्या माझ्या एकाही फोटोत नव्हत्या.

मग प्रोग्रामने विचारलं:
धूळ आढळली. साफ करू?
नको.
(तिने निम्म्या वस्तीची छाती भरली होती,
एका बटणाने कशी जाईल.)

भोकं आढळली, एकशे बारा. बुजवू का?
एकशे अकरा सुरुंगांची,
पहारीने, हाताने मारलेली.
बोट घातलं तर भर उन्हातही आत गार लागतं.
एकशे बारावं मोठं होतं, कडा कुरतडलेल्या.
तिथले फोटो मी काढलेच नव्हते.
त्या कडेला बाप जाऊ देत नाही कुणाला.
बत्ती लावून बराच वेळ झाला, उडालं नाही,
म्हणून मऱ्याप्पा बघायला परत गेला होता, तिथे.

प्रोग्राम म्हणतो, शेजारच्या दगडावरून
अंदाजाने भरता येईल. कुणाला कळणार नाही.
बापाने माझ्याकडे बघितलं नाही.
उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

शनिवारी क्रशरच्या उरलेल्या भिंतीवर दाखवलं सगळं.
बाया गोणपाटं घेऊन आल्या,
पोरं प्रोजेक्टरसमोर हाताचे कुत्रे करत होती.
पायऱ्यांवर नावं उमटली, तसं एकेक जण ओरडून उठत होतं,
तिम्मव्वा तर दोनदा.
दुर्गव्वा गप्प होती. शेवटी उठली,
भिंतीपाशी गेली, काळ्या जागेवर तळवा ठेवला.
"मोठं कर बरं जरासं," म्हणाली.
"मझार काही दिसस का?"

मी मोठं केलं.
काळं मोठं झालं.
अजून, म्हणाली.