दोन मापं

हणमंत पिग्मीवाल्याच्या सगळ्या पँटी
कुशावर्तानं पिशवीत कोंबून आणल्या, काउंटरवर उपड्या केल्या.
"खाजाभाई, डाव्या पायाची शिवण उसवा. कमरेपासून खालपर्यंत.
मांडीतून सळया बाहेर हायत. कापड वर सरकंना."

मी ब्लेड घेतलं.
त्यातली एक त्यांच्या लग्नातली. माझीच शिवण, दुहेरी मारलेली,
उसवता उसवेना.
त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, जरा कच्चं शिवलं असतं तर.

साखरपुड्याहून येत होते. रात्रीचे साडेदहा.
उसाची ट्रॉली, टायर बसलेलं, रस्त्यातच उभी,
मागं ना लाल कागद ना कंदील.
पुढच्या सीटवर तिचा भाऊ होता, अंगद.
तो लातूरला पोचलाच नाही.
बाया मागच्या टेम्पोत होत्या.
म्हणजे तिनं सगळं टेम्पोच्या उजेडात बघितलं.

गल्लीनं डबे पाठवले. पहिल्या आठवड्यात इतके
की शेजारच्या खाटेवरचे जेवले, वॉर्डबॉय जेवला.
चौथ्या आठवड्यात एकही नाही.
लोक वाईट नसतात. सुगी असते, लग्नसराई असते.
पतसंस्थेवाले म्हणत होते, वसुली थांबली तर एजन्सी जाईल.
मग मी पिग्मीचं मशीन मागून घेतलं.

पाचला शटर अर्धं ओढून निघायचो रेणापूरच्या बाजारात.
पानपट्टी, रसवंती, झेरॉक्स. वीस रुपये, पन्नास रुपये.
नोट देताना जो तो विचारायचा, "कसं हाय आता?"
बेचाळीस दुकानं. बेचाळीस वेळा.
आधी सगळं सांगायचो, रॉड, ताप, पू, दुसरं ऑपरेशन.
मग नुसतं "उठून बसूलालाय."
लोकांनाही तेवढंच पुरायला लागलं.
चप्पलवाला भानुदास मात्र कधी काही विचारायचा नाही.
तीस द्यायचा, म्हणायचा, "पावती वीसची कर,"
आणि चपला पुसत बसायचा.

आणि ती?
ती रडली नाही. भावाच्या तिसऱ्यालासुद्धा आयसीयूबाहेर होती.
रक्ताच्या पिशव्यांचे नंबर पाठ होते तिला,
औषधाच्या चिठ्ठ्या तारखेवार टोचलेल्या, माझ्याच दुकानातल्या टाचण्यांनी.

ऊन वाढलं तेव्हा एकदा आली. पाणी मागितलं.
तांब्या हातात तसाच, खुंटीकडं बघत राहिली.
अंगदचा शर्ट. आकाशी.
साखरपुड्याला पाहिजे म्हणून त्यानं घाई केली होती,
मला जमलं नाही, बटणं राहिली.
चिठ्ठी तशीच: छाती अडतीस, दोनशे बाकी.
मी तो काढून का ठेवला नव्हता?
काढून ठेवणार तरी कुठं होतो.

"म्हणून त्यो जुनाच घालून आला व्हता," ती म्हणाली
आणि चिंध्यांच्या पोत्याला टेकून खाली बसली.

बाजाराचा दिवस. दारात गिऱ्हाईक, रस्त्यावर माणसंच माणसं.
मी सुईतला दोरा काढून घेतला
आणि मशीन चालवलं.
पायडल जोरात. सुई रिकामी, खाली कापड नाही,
अर्धा तास नुसता आवाज.
बाहेरच्यांना वाटलं, खाजाभाईला लई काम दिसतंय.

परवा हणमंतची मापं घ्यायला घरी गेलो.
सळया निघाल्यात. वॉकर भिंतीला.
डाव्या पायाला टेप लावला, मग उजव्या, पुन्हा डाव्या.
तेहतीस वर्षांच्या वह्यांत एका माणसापुढं
पहिल्यांदाच उंचीचे दोन आकडे लिहिले:
उजवा चाळीस. डावा सव्वाएकोणचाळीस.

तो वाकून वहीत बघत होता.
मला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार,
आणि माझ्याकडं तर शब्द नाही.
"खाजाभाई," म्हणाला, "ते मशीन दाखवा बरं."
बटण दाबत दाबत नावं खाली सरकवत गेला.
"सगळ्यांचं बराबर हाय.
तुमचेच अकरा दिवस भरलेले न्हाईत."