कानाआड

शेवटची ट्रॅम साडेअकराला जाते.
तोवर आम्ही नुसते बसून असतो,
वूचमधल्या जुन्या सूतगिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर,
केबलींची वेटोळी मांडीवर घेऊन.
खाली बेकरी; तिचं कणीक मळायचं यंत्र दोनला घरघरतं.
म्हणजे हाताशी अडीच तास,
त्यातूनही रेडिएटर
गार होताना कुरकुरतो, तेवढे वजा.

खेळ चिप्रियानचा. त्यात एक काचघर:
शेवाळाला पाणी घालायचं,
गोगलगाय उचलून पलीकडच्या कुंडीत ठेवायची.
कुणी हरत नाही. घड्याळ नाही.
ठेवलेली गोगलगाय परत येते, एवढाच काय तो छळ.
त्यानं लिहिलं होतं: संगीत असं दे
की कानाआड करता येईल.
लक्षात आलं, तर फसलं.

दोन आठवडे मी हेच करत होते,
चांगली सुचलेली ओळ खोडणं.
इलेक्ट्रिक पियानोवर सातवा सूर, त्यावर नववा,
कुठेच जायची घाई नसलेले कॉर्ड.
मिनिटाला अडुसष्ट ठोके,
जेवण झाल्यावरची नाडी.
हाल्श्का ड्रमवर भांडी पुसायचं फडकं पसरून
ब्रश असा फिरवते, जणू परातीतला रवा
हातानं सारखा करतेय.

आणि टेनरला लुत्सियान, वय चौऱ्याहत्तर.
एकोणीस वर्षं बाल्टिकच्या फेरीबोटींवर वाजवलेले.
लाट आली की नाचणारे डावीकडे घसरायचे,
मागोमाग बँड घसरायचा,
ताल मात्र जागचा हलायचा नाही, असं ते सांगतात.
आम्ही दर वेळी पहिल्यांदाच ऐकतोय असे ऐकतो.

कागद पाहून त्यांनी विचारलं,
“मी संपतो कुठे?”
म्हटलं, संपायचं नाही. दोन मिनिटं चाळीस सेकंद,
मग पुन्हा पहिली मात्रा.
“आणि टाळ्या?”
हाल्श्का हसली. ते हसले नाहीत.
रीड ओठांत भिजवत बसले, बराच वेळ.

तिसऱ्या टेकला लागलं.
एकदाही आवाज चढला नाही.
निजलेल्या घरातून माणूस चपला हातात घेऊन जातो
तसे ते त्या सुरांमधून गेले.
आणि शेवटच्या मात्रेवर, सवयीनं,
पुढच्या ओळीसाठी श्वास घेतला.
पुढची ओळ नव्हतीच.

पहाटे मी तो श्वास कापला,
शेवट सुरुवातीला जोडला. लंगडत होतं.
पाव सेकंद शांतता भरली. तरी लंगडत.
खालून पावाचा वास वर आला,
खिडकी निळी झाली, मी हट्टानं कापत राहिले,
मग कंटाळून सगळं होतं तसं परत लावलं.
श्वास आला,
आणि त्याचं बोट धरून पहिला सूर असा आला
की समेवर माझी मान आपोआप हलली.

मार्चमध्ये लुत्सियानचा फोन.
नातू काचघर चालू ठेवून शाळेत गेला होता.
“मी बटाटे सोलत होतो. दोन किलो.
मध्येच फ्यूज उडाला, आणि वाटलं,
घरातून कुणीतरी उठून गेलं.
चाकू हातात घेऊन दारापर्यंत गेलो बघायला.”
जरा थांबून:
“माझाच टेनर. आणि मी ओळखला नाही.”

मला कळेना, माफी मागावी की अभिनंदन करावं.
पलीकडे त्यांनी श्वास घेतला,
तोच,
आणि मी पहिल्या सुराची वाट पाहत राहिले.
“दोन किलो,” ते म्हणाले,
“अन् घरात खाणारे तिघंच.”