खुनकत

पापाच्या तिकटीला माडीवर बसतो मी,
पानामागं साठ रुपये, मोडी वाचायचे.
खालून चपलांच्या कातड्याचा वास येतो.

देवळाच्या पेटीतला रुमाल घेऊन दोघं आलेत,
एकटा आणू देईना म्हणून दोघं.
वारक्यांचा एक, आरड्यांचा एक.
मधे दीड बिघ्याची पट्टी, वेदगंगेकाठची,
सातबाऱ्यात इतर हक्कांत एकच शब्द: खुनकत.
कुणाची ते कुठंच नाही.

गाठ सोडली तशी शिंक आली.
शक वाळवीनं खाल्लाय, सतराशे एकोणसत्तर असावा.
वाचतो.

'पाटाचे पाण्याचे पाळीवरून बोलाचाली जाहली.
येसू आरडा याने खोऱ्याचा घाव घातला,
सुभाना वारका जागीच मयत.
गोत बैसले, पांढर बैसली.
येसूने बेलभंडार उचलून कबूल केले.
गोतमते ठरले की जिवास जीव घेऊ नये, घरे दोन बुडतात.
पाटाखालील जमीन मयताचे आईस खुनकत द्यावी.
पेरणी येसूने करावी, मळणी येसूने करावी,
पहिली पाटी डोईवर नेऊन गोंदाईचे दारी रिती करावी.
तिने आत ये म्हटल्याखेरीज
उंबरा चढू नये.'

खाली सही एकही नाही.
नांगर आहे. आरसा आहे न्हाव्याचा. आरी, दोरी.
आणि एक वेडावाकडा ठिपका,
तो कुणाचा, मला कळत नाही.

दुसरं पान वेगळ्या हातचं. ओळी ताठ, शाई अजून काळी.
'पोलिटिकल साहेबांचे हुकुमावरून.
खून हा सरकारचा गुन्हा,
गोतास निवाड्याचा अखत्यार नाही.
येसू आरडा यास फाशी.'
भात कापणीला आलं होतं का, लिहिलेलं नाही.

आरडे खुर्ची पुढं ओढतो.
"मग झालं की! जमीनबी दिली, मानूसबी दिला.
दोनदा फेडलंय आमी."
वारके म्हणतो, "फाशी साहेबानं दिली.
आमच्या म्हातारीच्या पदरात काय पडलं त्यातनं?"
दोघांचं बरोबर आहे.
चहा निवतो.

तिसरं पान म्हणजे चिंधीच.
'गोंदाई वारकीण गोतात उभी राहून बोलली,
साहेबाने घेतला तो जीव माझे नावे कोणी मांडला?
मी मागितला नव्हता.
मजकडे एक जीव जादा आला, तो कोठे ठेवू?
येसूची बायको राही इजला बोलावणे केले.
ती आली, उंबऱ्यापाशी थांबली.
गोंदाई म्हणाली, आत ये.'

इथून पुढं कागद नाही.
म्हणजे आहे, तळाला बोटभर, त्यावर तीन शब्द:
'दोघींनी मिळून...' आणि एक क्रियापद.
नेमकं मात्रेच्या जागी भोक.
पेरली असेल.
पुरली असेल, कज्जाच पुरला असं काही.
किंवा दोघींस पुरली.
भिंग लावून बघितलं, उजेडाला धरून बघितलं,
भोकातून समोरच्या दुकानाची पाटी दिसली.

"लेखी द्या," दोघं एकदम म्हणाले, "मालक कोण?"
मी लिहून दिलं: अक्षर लागत नाही.

पैसे द्यायची वेळ आली
तर कुणी कुणाला देऊ देईना,
निम्मं घालायलाही तयार नाहीत.
आपापले पुरे मोजून ठेवले,
गारगोटीची गाडी गाठायला जिना उतरले,
एक पुढं, एक चार पायऱ्या मागं.

टेबलावर एकशे ऐंशी रुपये जादा.