दीड सेकंद

डीनसाहेबांचं पत्र आलं: तीन दिवस, हजेरी सक्तीची,
विषय, शिकवायचं कसं.
मी एकोणतीस वर्षं शिकवतोय.
ओशच्या निम्म्या दवाखान्यांत
माझ्या हाताखालून गेलेली माणसं
लोकांच्या छात्या ठोकून बघतात.
तरी गेलो. नाही म्हणायला कारण सापडेना,
आणि वॉर्डातला हीटर तसाही बंद होता.

आम्ही अकराजण, सगळे पिकलेले,
बाकांखाली गुडघे मावेनात.
हाडांचे डॉक्टर सातारोव पहिल्याच तासाला चक्क घोरले.
शिकवायला उभी राहिली नुरझात,
पस्तिशीची, मऊ आवाजाची.
मला आगाय म्हणाली. इथं मास्तरांना तसंच म्हणतात,
म्हणून त्यात वेगळं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं पडद्यावर मला दाखवलं.
मागच्या महिन्यातला राउंड, मोबाइलवर घेतलेला,
माझ्याच परवानगीनं; सही मी न वाचता केली होती.
मी विचारतोय, "हा आवाज कुठल्या झडपेचा?"
आणि मीच सांगतोय, "मायट्रल."
मधे एक मुलगी तोंड उघडते. मिटते.
नुरझातनं घड्याळ लावून मोजलं होतं.
अठ्ठावीस प्रश्न. प्रत्येकामागे सरासरी
दीड सेकंद.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मी, ज्याला
दोन ठोक्यांमधली जागा ऐकू येते,
जो त्या जागेला कान लावून
श्वास रोखून उभा राहतो,
कारण आजार तिथंच कुजबुजतो, ठोक्यात नाही,
त्या मला
प्रश्न आणि उत्तर यांच्यामधली जागा
आजवर नुसती रिकामी वाटत आली.
रात्री बायकोला सांगितलं.
म्हणाली, "आत्ता कळलं?"

पालथ्या घड्यावर पाणी, म्हणायचो मी मुलांना.
घडे सरळच असावेत बहुधा.
त्यांनी तोंड वर करेपर्यंत
माझी घागर ओतून झालेली असायची.

तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी
नुरझातला विचारलं, तू कुठं शिकलीस?
"इथंच, आगाय. चौथ्या वर्षी तुमच्याच वॉर्डात."
चेहरा आठवून पाहिला.
कधी बोलली नव्हती ना ती. कसा आठवणार.
तिनं नान मोडून मोठा तुकडा माझ्यापुढे ठेवला,
आणि पियाल्यात अजून चहा ओतला.

सोमवार. चार नंबरची खाट,
अलायच्या डोंगरातून आलेली बुरूल आज्जी, डाव्या कुशीवर.
ऐझिरेकच्या कानात माझाच स्टेथोस्कोप.
"काय ऐकू येतंय?"
एक.
दोन.
जीभ दातांमागे दाबून धरली, उबळ धरावी तशी.
तीन. कोपऱ्यातला नळ ठिबकतो,
हे मला माहीतच नव्हतं.
चार.
पाच. मुलीचे ओठ हलतात,
आत कुणालातरी विचारून येते.
सहा. आज्जी म्हणते,
"अगं, सांग की पटकन, मास्तराचा जीव जाईल."
सगळे हसले. माझी मोजणी चुकली.

मग ऐझिरेक बोलली. झडप चुकीची सांगितली.
पण का सांगितली, तेही सांगितलं:
आवाज नाडीशी जुळवून पाहिला नव्हता,
नुसत्या कानावर विसंबली होती.
एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा
मला कुणाची चूक आतून दिसली,
घड्याळाचं झाकण काढल्यावर
नेमकं कुठलं चाक अडलंय ते दिसावं तशी.

"बोट ठेव इथं," म्हणालो, आज्जीच्या गळ्यापाशी,
"आणि पुन्हा ऐक.
घाई नाही."

शेवटचं जरा जास्तच मोठ्यानं निघालं तोंडातून,
सवय नसल्यामुळे.
पलीकडच्या खाटेवरची बाई दचकून उठून बसली.